गोमा, तुझी घोडी अजून पाण्यावर आहे

गोमा, ठेकेदाराचा मुनशी येऊन गेला रे. तुझी राखही अजून गार झाली नव्हती. ओसरीवर टेकला, पाणी प्याला, चार गोड शब्द बोलला, आणि मग टोपी मांडीवर ठेवून म्हणाला, "बाई, ठेकेदार साहेब म्हणून राह्यले, गोमाजी होता तवापर्यंत ठीक होतं. आता डोंग्यावरची मशीन हाकणार कोण? नागपूरले वापस पाठवा म्हणतात."

मी तुझी थोरली बहीण, मलाच पुढं व्हायला पाहिजे होतं. डोळ्यांत पाणी, अंगणात पाहुणे. पण तुझी सुभद्रा आतून दारात आली. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. म्हणाली, "मुनशीजी, राख सोडून येऊ द्या. मंग बोलू." आणि आत गेली. मुनशीनं माझ्याकडे पाहिलं, मी मुनशीकडे. तुझ्या बायकोला एवढा आवाज आहे हे मला नवीनच होतं. तुला नसेल नवीन.

तर ही आहे गोष्ट. तू गेलास हे एक दुःख, आणि तुझ्यामागे तुझी मशीनही जाते की राहते हा दुसरा घोर. तू असतास तर म्हणाला असतास, "बाई, पयले मशीनचं पाय, माझ्यासाठी रडाले मंग टाइम आहे." म्हणून तसंच करते. आधी मशीनचंच बोलते.

तुला आठवते का ती आली तो दिवस? नागपूरहून चांद्याला, चांद्याहून बैलगाडीत, पेंढ्यात गुंडाळून, नव्या नवरीसारखी. ठेकेदाराला नदीपलीकडच्या जंगलातले मजूर आणि धान्य लवकर ने-आण करायचं होतं. वैनगंगेवर माणसं पार नेणारा डोंगा आपला, म्हणून गाडी आपल्या घाटावर आली. सोबत मुनशी आणि करीम मिस्त्री, तो पान खाऊन हसणारा भला माणूस. पेंढा काढला तर आत काय? वर लोखंडाचं डोकं, खाली लांब पाय, आणि पायाच्या शेवटी तीन पाकळ्यांचा पंखा. सारा गाव जमला. म्हाताऱ्या गंगूबाईनं विचारलं, "हे पाण्यात हवा घेते का?" मिस्त्री म्हणाला, "नाई मावशी, हवा मिळाली तर बिघडते. इसको पानी मंगता." तेव्हा कोणाला ठाऊक होतं, की पुढं आपल्या दोघांचं सगळं भांडण त्याच एका बोलण्यावर होणार!

मिस्त्रीनं शिकंजा उघडला आणि मशीन डोंग्याच्या मागच्या फळीवर बसवायला निघाला. तू मध्ये आडवा झालास. "तिथं नाई, मिस्त्री."

"अरे भाई, सारी दुनिया में वहींच लगती है!"

"दुनियेत लागत असन. माया डोंग्याले नाई लागत."

मुनशी चिडला, लोक हसले. पण मला कळलं होतं रे. त्या फळीवर आपल्या आईचा हात होता. आपल्या घरची रीतच ती. नवा डोंगा पाण्यात उतरायचा तर घरातली मोठी बाई हळदीत तळवा बुडवून मागच्या फळीवर उमटवणार. नदी पाठीमागून धक्का देते, आई पाठीमागून सांभाळते. त्या फळीला मग जन्मभर लोखंड लावायचं नाही. आणि ह्या डोंग्यावरचा पंजा तर आईचा शेवटचा. दरवर्षी मोहाच्या बियांचं तेल चोळून चोळून तू तो जपला होतास. हळद उडून गेली होती, पण पाच बोटं लाकडात दिसत होती. त्यावर लोखंडी शिकंजा आवळायचा? ठेकेदार राजा असता तरी तू नसता आवळू दिलास.

मुनशीनं तिथंच अट घातली. महाशिवरात्रीच्या जत्रेला माणसांनी भरलेला डोंगा मशीनवर दातऱ्या ओलांडून जायला पाहिजे, तर मशीन ह्या घाटावर आणि गोमा तिचा हाकणारा. नाहीतर बाहेरून माणूस येईल, दुसऱ्या घाटावर डोंगा बांधतील, आणि आपण ढिवर नावाड्यांनी बसून पाहायचं. दातऱ्या म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, पण बाकीचे वाचतील म्हणून लिहिते. आपल्या घाटाखाली नदीत आडवी खडकाची रांग आहे, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखी. मधल्या एका फटीतून डोंगा जातो, आणि फट संपली की लगेच वळण. पाणी कमी झालं की मोठमोठे नावाडी तिथं उतरून डोंगा ढकलतात.

तू काय केलंस? ऐनाच्या लाकडाच्या दोन दांड्या घेतल्यास, डोंग्याच्या दोन्ही काठांना आतून बांधल्यास, आणि हातभर मागं काढल्यास. त्यांच्या टोकाला दोन उभे खांब, त्यांत आडवी फळी. त्या फळीवर मशीन. म्हणजे मशीन डोंग्याला धरून, पण डोंग्यापासून हातभर लांब. आईच्या हाताला धक्का नाही. लोकांनी नाव ठेवलं घोडी. पोरं ओरडायची, "गोमाच्या डोंग्याले शेपूट फुटली!" मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "भाई, मैंने ऐसा कभी देखा नहीं. पर मना भी कोई नहीं करता."

आणि मग तू नावाड्याची चूक केलीस. शेतकऱ्यानं केली नसती, मिस्त्रीनं केली नसती, फक्त आपल्यातल्यानंच केली असती. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, वल्हं जेवढं खोल तेवढी पकड. बांबू तळाला टेकला की डोंगा आपला. म्हणून तू मशीनही खोल बसवलीस. आडवी फळी पार खाली, पंखा पाण्याच्या पोटात. दोरी ओढलीस, मशीन गरजली, डोंगा निघाला, पण कसा? चिखलात म्हैस चालावी तसा. नाक वर, पाठ खाली, मशीन कण्हतेय, आणि काठावरून पायी चाललेला गावातला धोंडू आपल्या पुढं! दातऱ्याजवळ गेलो न, ठण्ण! पंखा खडकावर बसला. आतली पिन तुटली. मिस्त्री म्हणाला पिन तुटायसाठीच असते, ती तुटली म्हणून पंखा वाचला. पण लोकांना काय, त्यांना तमाशा. आपण वाहत वाहत रेतीला लागलो. तू कमरेएवढ्या पाण्यात उभा, तोंड लाल.

मी तेव्हा म्हटलं, "वर घे न रे तिले."

"वर घेतली तर हवा खाईन. मिस्त्रीनं काय सांगतलं?"

"डोंग्याच्या बुडाशी हवा हाये. हातभर मागं नाई."

"तुले कोणी सांगतलं?"

"माया हातानं."

आठवते? आपण लहान असताना बाबा डोंगा हाकायचे आणि मी मागच्या फळीवर पालथी पडून हात पाण्यात सोडायची. फळीला लागून जे पाणी असते ते फेसाळ, पोकळ, त्यात हात पडतो नुसता. पण हात लांबवला की तिथं पाणी उसळून वर येते. बुडाखालून दबून गेलेलं पाणी मोकळं होते न, ते मागं उंच होऊन उभं राहते. भरीव. हाताला ढकलणारं. माझा हात जे जाणत होता ते तुला सांगितलं एवढंच. आईच्या पंजासाठी तू घोडी मागं काढलीस, आणि ती नेमकी त्या उंच पाण्यावर जाऊन उभी राहिली. आता पाणीच उंच आहे तर मशीन खाली कशाला बुडवायची?

तू माझ्याकडं असं पाहिलंस, जणू मी पोहे विकून रेल्वे घेतली! पण ऐकलंस. हे तुझं मोठेपण रे. दहा ठिकाणी फुशारकी मारायचास, "वैनगंगा माह्याच आंगणातून जाते" म्हणायचास, पण खरं वाटलं की ऐकायचास. घोडीच्या दोन्ही खांबांना तू छेद पाडलेस, फळी वरखाली सरकवायची आणि खुंटी घालून पक्की करायची. खालचा छेद, त्याच्या वर मधला. मधल्यावर मशीन चढवली. मिस्त्रीनं एकच ताकीद दिली, "पीछे से जो पानी की धार उडती है, उस पर नजर रखना. धार बंद, तो समझो मशीन प्यासी है." म्हणजे फार वर घेतली तर तिला प्यायलाही पाणी मिळत नाही, आतून तापून बसते.

निघालो आपण. अरे, काय निघालो! तोच डोंगा, तीच मशीन, तेच पेट्रोल. पण आता कण्हणं नाही, गाणं. धार मागं छान उडतेय. फक्त नाक वर उचललं जात होतं, कारण मशीनचं ओझं एवढं मागं गेलेलं. तू सगळ्यांकडं पाहिलंस, मग माझ्याकडं पाहिलंस, आणि सारा घाट ऐकेल असा ओरडलास, "बाई, तू पुढं जाऊन बस! तुह्यानं नाक खाली राह्यते!"

सारे लोक हसले. मी शिव्या दिल्या. पण जाऊन बसले, आणि नाक खरंच खाली आलं. तेव्हापासून ती माझी जागा झाली. मागं तू, पुढं मी, मध्ये धान्य आणि माणसं. लोक म्हणायचे बहीण-भावाचा तराजू आहे. जत्रेच्या दिवशी बेलाची पानं, बायका, पोरं, एक बकरी, असा भरलेला डोंगा आपण दातऱ्याच्या फटीतून नेला. पंखा खडकाच्या वरून गेला, वीतभर अंतरानं. मुनशी काठावर उभा होता. त्यानं टोपी काढून डोकं पुसलं. मशीन आपल्या घाटावर राहिली.

त्या दिवशी तू घरी आल्यावर काय केलंस ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते. तू मागच्या फळीजवळ बसलास, आईच्या पंजावर स्वतःचा हात ठेवलास, आणि लहान पोरासारखा रडलास. मी पाहिलं. चहा ठेवला.

मग काही सालं गेली, राज्य बदललं, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला म्हणतात. आपण तिथंच. पण खालच्या घाटांवरून नावाडी यायचे, तुझी घोडी पाहायचे, हातानं अंतर मोजायचे. कोणी बीजाच्या लाकडाची केली, कोणी सागाची. मशीन आल्या तिथं घोड्याही आल्या. मुलचेऱ्याकडच्या एका माणसानं तर मलाच सांगितलं, "ह्याले गोमाची घोडी म्हणतात, बाई." मी म्हटलं, "हाव का? कोण गोमा?" तो सांगत बसला आणि मी ऐकत बसले. असं ऐकायला काय गोड वाटते रे!

पण तुझं पोट भरेल तर ना. एक दिवस घाटावर आले तर तू घोडीला तिसरा छेद पाडतोस. मधल्याच्याही वर.

"हे कायले?"

"आनखी वर घेतली तं आनखी पळन. आनखी कमी पाण्यात जाईन. उन्हाळ्यात बी दातऱ्या मोकळा."

"सरळात जाईन. वळणात काय करशीन? डोंगा वळणात कलते. पंखा हवेत येईन, मशीन बोंबलन, जोर जाईन, न नदीची धार नेऊन खडकावर आपटन. बाया-पोरं बसून असतात, गोमा!"

"वळणात रेस कमी करायची, बाई. वळण नदी घेते, मशीन नाई घेत."

"तुह्या तोंडात बरं दिसते ते."

किती वेळा झालं हे बोलणं! जेवताना, जाळं विणताना, लोकाच्या लग्नात. शेवटी मी खैराची खुंटी तासली, त्या तिसऱ्या छेदात दगडानं ठोकली, वरून राळ भरली. तू पाहत राहिलास. काढली नाहीस. मला वाटलं, जिंकले. पण तू येता-जाता त्या खुंटीवरून बोट फिरवायचास, आणि हसायचास. ते हसणं कसलं होतं ते मला कळायचं नाही. भांडण आपलं तसंच राहिलं. मग वैशाखात ताप आला, अंगात मुरला, वैद्य झाला, गडचिरोलीचा दवाखाना झाला, आणि तू उत्तर न देता निघून गेलास. असं कोणी भांडणातून उठून जाते का रे?

आपल्या घरच्यांची राख दातऱ्याखालच्या डोहात सोडतात. बाबांची सोडली, आईची सोडली. पण यंदा पाणी तू पाहिलंच होतंस. दात सगळे उघडे. लोक म्हणाले, काठानं पायी नेऊ. सुभद्रा म्हणाली, "त्यायची राख त्यायच्याच डोंग्यातून जाईन." मग कोणी म्हणालं, बाईमाणसानं, त्यातही कालच्या विधवेनं, मशीनला हात लावायचा? तेव्हा मात्र मी उठले. म्हटलं, "तुमच्यातून कोण हाकते? या पुढं." कोणी आलं नाही. तुझ्या हाताला जाळ्याचा काटा लागून पिकलं होतं तेव्हा तीच मशीनचा दांडा धरून बसायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

मुनशीही घाटावर आला होता. कशाला आला ते कळत होतं. मशीन न्यायची गाडी सांगायला.

सुभद्रानं पाण्याकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाई, मधल्यावर ठेवली तं पंखा बसते खडकावर. खुंटी काढू का?"

गोमा, तुझ्या राखेचं मडकं माझ्या मांडीवर. मला वाटलं, नाही म्हणावं, पायीच जावं, इतकी वर्षं अडवलं ते उगाच का? आणि वाटलं, तुझ्याशी शेवटचं भांडायची हीच जागा. म्हटलं, "काढ. पाहू दे त्याचं."

मला वाटलं होतं हातोडा लागेल. मी ठोकलेली खुंटी, वर राळ. सुभद्रानं अंगठ्यानं राळ उकलली, खुंटी धरून पीळ दिला, आणि ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मी पाहिलं, पण त्या वेळी उमगलं नाही. तिनं मशीन वरच्या छेदावर चढवली. मी पुढं जाऊन बसले, माझ्या जागी. तिनं दोरी ओढली. पहिल्या झटक्यात!

काय सांगू तुला. मी पुढं बसून कायम मशीन कानानंच पाहत आले. ते गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. पातळ, सरळ, सुतासारखं. डोंगा पाण्यावर होता की पाण्याच्या वर, कळेना. दातऱ्याची फट आली. खाली खडक इतका जवळ की शेवाळ दिसत होतं. मी डोळे मिटले, मडकं छातीशी धरलं. ठण्ण ऐकायची तयारी केली. नाही आलं. उघडले डोळे तर खडक मागं.

आणि वळण. डोंगा कलला. मशीन बोंबलली! मी म्हटलं होतं तसंच, तंतोतंत, पंख्याला हवा लागली. मी ओरडणार, एवढ्यात आवाजच खाली गेला. सुभद्रानं रेस सोडली होती. सगळं शांत. नुसतं पाणी. आणि गोमा, नदीनं डोंगा हळूच वळवला. आजीनं झोळीतलं लेकरू कुशीवर वळवावं तसा. नाक डोहाकडं झालं, तेव्हा तिनं पुन्हा रेस दिली, पंख्यानं पाणी धरलं, मागं धार उडाली.

डोहात मशीन बंद केली. मी मागं वळून म्हटलं, "तुले कसं समजलं, कव्हा सोडायची?"

ती पदरानं तोंड पुसत होती. रडत होती की हसत होती? दोन्ही. म्हणाली, "तुमी मूल गावाच्या बाजारात गेल्या का आमी खुंटी काढून पायत होतो, बाई. त्यायनंच शिकवलं. वापस ठोकून राळ बी मीच भरत होती. ते म्हणत, बाईले सांगजो नोको, तिची खुंटी हाये."

अरे लुच्च्या! अरे माझ्या भामट्या भावा! इतकी वर्षं! मी बाजारात मिरच्या निवडतेय आणि तुम्ही नवरा-बायको इथं! म्हणून ते हसणं! तुझी राख मांडीवर घेऊन मी एवढी हसले की डोंगा हलला. काठावरच्यांना वाटलं, म्हातारी गेली कामातून. वळणात मी बरोबर होते, हे तुला आता तरी कबूल करावं लागेल, मशीन बोंबललीच. पण वळण नदी घेते, हे तुझं. ते मी मान्य करते. एवढ्या लोकांसमोर, लिहून.

राख सोडली. तिच्यामागून ती खैराची खुंटीही सोडली, आता तिचं काम नाही. खैर जड असते, वाटलं बुडेल. डोहात एक डुबकी मारली, आणि वर आली, लेका. तेलानं, राळेनं माखलेली, तुझ्या बोटांनी गुळगुळीत झालेली. निघाली खालच्या घाटांकडं.

आम्ही परत आलो तेव्हाही मशीन वरच्याच छेदावर होती. मुनशी पाण्याच्या काठापर्यंत उतरून आला. सुभद्रानं दांडा सोडला नाही. त्यानं तिला विचारलं, "बाई, बुधवारी पलीकडं धान न्याचं हाये. किती वाजता निंघता?"

"तुमी पोती पुढं ठेवा म्हणा," ती म्हणाली, "न आमच्या बाईले जागा ठेवा. त्यायच्याबिगर नाक खाली राहत नाई."